मधल्या मापाची गाडी

टेलरबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या म्हणून त्यांना ओरडता आलं नाही. नाहीतर आतल्या खोलीत बसून त्यांचे यजमान जे बोलून गेले, ते त्यांनी तिथल्या तिथे अडवलं असतं.

"एकदा होऊनच जाऊ दे!" आतून आवाज आला. कानांवर हेडफोन चढवला की यजमानांना सगळं जग बहिरं वाटायचं. "सगळ्यांना एकच गाडी द्या. तेच टायर, तेच ब्रेक, कुणी कशाला हात लावायचा नाही. मग कळेल, शर्यत गाडी जिंकते की हात! उगाच आपलं नाचता येईना, अंगण वाकडं!"

बाईंच्या समोर बेकरीवाले काका पँटचं बटण लावायचा नाद सोडून उभे होते. त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "भांडण चाललंय का हो?"

बाईंनी टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. "भांडण कुठलं! खेळ चाललाय. रविवार आहे ना आज."

"बरं. पण या पँटचं काय? गेल्या खेपेला तर छान बसत होती."

बाईंनी कमरेभोवती टेप फिरवली, आकडा पाहिला आणि टेप सोडून दिली. "धुण्यात आटली असेल. हे कापड आटतंच. मागून उसवून देते, आत भरपूर कापड ठेवलंय मी."

"तरी म्हटलं!" काका खूश होऊन गेले.

कापड काही आटलं नव्हतं. बेकरी बरी चालली होती आणि त्यातला थोडा माल मालकाच्या पोटात जात होता, एवढंच. पण गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने बोलायचं नाही, हा बाईंच्या दुकानाचा नियम होता. ज्या बाईंच्या हाताखाली त्या मशीन चालवायला शिकल्या, त्यांनीच तो घालून दिला होता. माणसाला आपलं माप माहीत असतं, त्या म्हणायच्या, आपण कशाला साक्षीला उभं राहायचं? बाईंनी हा नियम इतकी वर्षं पाळला होता की घरातसुद्धा तो आपोआप पाळला जाई. आणि आज त्याच नियमाने त्यांचा गळा धरला होता.

आतल्या खोलीत एक टेबल, त्यावर जुना टीव्ही आणि टेबलाला शिकंज्याने आवळलेलं खेळातलं स्टिअरिंग होतं. खाली पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरची पाटी. हे सगळं मुलीचं. ती नोकरीसाठी लांब गेली, खोली रिकामी झाली आणि त्याच सुमारास यजमानांचीही जागा बदलली. आयुष्यभर त्यांनी रस्ता फोडायचं मशीन चालवलं होतं, ज्याला सगळे ब्रेकर म्हणतात ते. त्या मशीनने रस्ते फोडले आणि हळूहळू बोटंही खाल्ली. गारठा पडला की बोटांची टोकं पांढरी पडत, मग त्यांना गरम कळत नसे की गार, सुई टोचलेली कळत नसे. कंपनीच्या डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावलं आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. फावडी द्यायची, फावडी घ्यायची. इतकी वर्षं जमीन हादरवणारा माणूस खुर्चीवर बसून हेल्मेटं मोजू लागला. घरी आला की कुणाशी बोलायचा नाही.

एका रविवारी ते सहज त्या स्टिअरिंगपुढे बसले आणि तिथेच रमले.

खेळातल्या रविवारच्या मंडळीत त्यांचं नाव पडलं वस्ताद. मंडळी म्हणजे इंटरनेटवरून एकत्र खेळणारी चार गावची दहा-बारा माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली. त्यांचे पुढारी मास्तर, एका शाळेत चित्रकला शिकवणारे. सगळ्यांत जोरात पळणारे दातांचे डॉक्टर. डॉक्टर शर्यतीआधी गाडीच्या सेटिंगमध्ये तास घालवायचे, आणि वस्ताद त्यांना हसायचे. "डॉक्टर, तुम्ही गाडीचे दात काढत बसा. मी चालवतो."

वस्तादांची स्वतःची गाडी कोण जुळवतं, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती बाई जुळवायच्या. सुरुवातीला त्या नुसत्या शेजारी भाजी निवडत बसायच्या. वळणावर गाडी एका बाजूला झुकलेली त्यांना खुपायची, खांदा उतरलेला शर्ट खुपतो तशी. मग एकदा त्यांनी ते सेटिंगचं पान उघडून पाहिलं. मागची स्प्रिंग मऊ करता येते, ब्रेकचा तोल पुढे सरकवता येतो, मागचा पंख उभा केला की गाडी रस्त्याला धरून राहते पण सरळ रस्त्यावर जरा मंदावते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, नाही पटलं तर परत जागेवर. फिटिंगचंही तेच असतं, दोन शिवणी एकदम हलवल्या की कोणती चुकली ते कळत नाही. बाईंना ते जमलं. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, वहिनींच्या गाडीला तोड नाही.

वस्ताद मात्र त्या पानाला नखऱ्यांचं पान म्हणत आणि त्याकडे बघतही नसत. "गाडी काय, कुणीही शिवून देईल," ते मंडळींना सांगायचे. बाई दारात उभ्या असल्या तरी सांगायचे. बाईंना राग यायचा. एकदा तरी या माणसाने कबूल करावं की गाडीलाही काही किंमत असते, एवढीच त्यांची इच्छा होती. बाकी काही मागणं नव्हतं.

पण पुढे बोटं आणखी बिघडली. गाडीची मागची चाकं घसरायला लागली की खेळातलं स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि त्या थरथरण्यावरून चालवणारा सावध होतो. वस्तादांना ते कळेनासं झालं. गाडी गिरकी घ्यायची आणि ते टीव्हीकडे बघत राहायचे, कुणीतरी मागून ढकलल्यासारखे. "डोळा लागला वाटतं जरा," असं काहीतरी पुटपुटायचे. बाईंनी एका सकाळी, ते कामावर गेल्यावर, मागची स्प्रिंग थोडी मऊ केली. पुढच्या महिन्यात ब्रेकचा तोल पुढे सरकवला. मग पंख उभा केला. त्याने वेग कमी झाला, म्हणून पेट्रोल शर्यतीपुरतंच भरून वजन उतरवलं. होता होता ती गाडी अशी झाली की झोपेत चालवली तरी वळणावर सुटणार नाही. वस्ताद पहिले येत नव्हते, पण पाचवे-सहावे येत होते, गिरकी न घेता. "बघ, हात अजून शाबूत आहे," ते म्हणायचे आणि बाई म्हणायच्या, "आहेच मुळी."

शर्टांचंही त्यांनी असंच केलं होतं. वस्तादांना बटणं लावायला वेळ लागायला लागला, तेव्हा बाईंनी एकेक शर्ट घेऊन आतून टिच बटणं बसवली आणि वरची बटणं नुसती शोभेला ठेवली. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. बाईंनीही विषय काढला नाही.

आणि आता हा माणूस सगळ्यांना सारखी गाडी मागत होता.

मास्तरांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"वहिनी, एक काम आहे. वस्तादांची सूचना सगळ्यांना आवडलीय. येत्या रविवारी सगळ्यांना एकच गाडी. पण ती जुळवणार कोण, यावरून वाद. डॉक्टरांनी जुळवली तर बाकीचे म्हणणार, आपल्या सोयीची केली. शेवटी सगळे म्हणाले, वहिनींना सांगा."

बाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पाय थांबवला. "मला नका घालू यात, मास्तर. ढीग पडलाय कामाचा, मान वर करायला फुरसत नाही."

"अहो, तुमच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे. आणि घाबरू नका, वस्ताद तुमचे आहेत म्हणून कुणी शंका घेणार नाही." मास्तर हसले. "शर्यतीआधी कुणाला गाडी दाखवायची नाही, वस्तादांनाही नाही. एवढंच."

"बरं," बाई म्हणाल्या. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

तीन-चार दिवस त्यांनी त्या पानाला हात लावला नाही. वस्ताद मात्र खुशीत होते. जेवताना म्हणाले, "काय गं, कशी करतेयस गाडी?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"नको सांगूस. कशीही कर. बैलगाडी दिलीस तरी पळवीन."

"इतका कसला हट्ट तुमचा?" बाईंनी शेवटी विचारलं. "चाललंय ते बरं चाललंय ना?"

वस्ताद पोळीचा तुकडा मोडत होते. तो दोनदा बोटांतून निसटला. "अगं, स्टोअरमध्ये दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. मशीन बिघडलं तर नवीन पोरं परस्पर मेकॅनिकला बोलावतात. इथे रविवारी तरी चार माणसं वस्ताद म्हणतात. ते खरं आहे की नुसतं म्हणायला, हे कळायला नको?"

बाईंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली, नको असताना वाढली. दुसरं काय करणार?

शनिवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन त्या टीव्हीपुढे बसल्या. मनात दोन गाड्या होत्या आणि दोन्ही नकोशा होत्या. वस्तादांची नेहमीची गाडी सगळ्यांना दिली, तर ते सुटणार नाहीत, पडणार नाहीत. पण डॉक्टर पहिल्या वळणावर ओळखतील. अहो, ही तर शिकाऊची गाडी, असं मोठ्याने म्हणतील, आणि मास्तरांना एका क्षणात समजेल की वस्ताद इतके दिवस कशावर पळत होते. मग त्या रविवारच्या मंडळीत त्यांची कीव होईल. सगळे त्यांच्याशी जपून, हळू आवाजात बोलतील. आणि नीट गाडी दिली, सगळ्यांना चालेल अशी, तर ते गिरकी खातील. एवढ्या लोकांसमोर, स्वतःच मागून घेतलेल्या शर्यतीत.

इकडे आड, तिकडे विहीर. बाईंना फार थकवा आला. माणसाची लाज राखायची म्हणून इतकी वर्षं आपण आतून कापड सोडत आलो, पण ते किती सोडायचं यालाही शेवट असतो, असं त्यांना वाटलं. त्या टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ तशाच बसल्या.

हरला तर चालेल. कीव नको. एवढं मनाशी ठरल्यावर त्यांनी हात चालवायला घेतला. तयार कपड्यांच्या दुकानात मधलं माप असतं तशी गाडी त्यांनी जुळवली, कुणालाच नेमकी न बसणारी आणि कुणालाच फार न टोचणारी. मागचा पंख एक घर वाढवण्याचा मोह झाला. वाढवलासुद्धा. मग परत खाली आणला आणि गाडी मास्तरांकडे पाठवून दिली.

रविवारी सकाळपासून गारठा होता. वस्तादांनी बोटं बगलेत धरून ऊब दिली, पिळली, मग हेडफोन चढवला. बाई बाहेर बेकरीवाल्या काकांची पँट इस्त्री करत होत्या. दार उघडंच होतं.

"बरी आहे गाडी," वस्ताद सरावाच्या फेरीनंतर मोठ्याने म्हणाले. "जरा चंचल आहे. पण बरी आहे."

शर्यत सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्या ते चौथे होते. तो ट्रॅक त्यांना पाठ होता, कुठे ब्रेक लावायचा, कुठे सोडायचा, सगळं. पाठ असलेल्यावर माणूस बराच वेळ निभावून नेतो. बाईंनाही क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं की काय, हातात अजून आहे की काय. इस्त्री हातात धरूनच त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

उताराच्या लांब उजव्या वळणावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. बाईंना ते दारातून दिसलं. टेबलावरचा पाण्याचा पेला त्याने हलत होता. वस्तादांचे हात मात्र शांत होते. गाडीची मागची बाजू सुटली, तेव्हा कुठे त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि तोवर गाडी उलट तोंडाने गवतात उभी होती.

"होतं असं," ते म्हणाले.

पुढच्या फेरीत तिथेच पुन्हा. नंतर दुसऱ्या एका वळणावर, जिथे कधी कुणी सुटत नाही. एकेक गाडी त्यांना ओलांडून गेली. शेवटी डॉक्टर मागून आले आणि एक पूर्ण फेरी वर चढवून निघून गेले. वस्तादांनी खेळ बंद केला नाही. अर्धी शर्यत टाकणाऱ्याला ते नेहमी नावं ठेवत. ते सावकाश, प्रत्येक वळणाला जवळजवळ थांबून, घाटातल्या ट्रकसारखी गाडी हाकत राहिले आणि सगळ्यांच्या शेवटी पोचले.

हेडफोनमधून कुणीतरी काहीतरी बोललं. मग वस्ताद बोलले. आवाज मोठाच होता, पण नेहमीचा नव्हता.

"गाडी आहे हो शेवटी. गाडीच नीट नसेल तर हात काय करणार?"

हेडफोनमधला हशा बाईंना दारापर्यंत ऐकू आला. त्यात डॉक्टरांचा आवाज होता. "काय वस्ताद, अंगण वाकडं?" चांगल्या मनानेच विचारलं होतं त्यांनी.

"वाकडं," वस्ताद म्हणाले. "फार वाकडं." आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

हेच वाक्य ऐकायला बाई इतकी वर्षं थांबल्या होत्या. गाडीलाही किंमत असते. ते आज सगळ्यांसमोर, स्वच्छ शब्दांत मिळालं, आणि त्यांना वाटलं, हे परत घ्या, मला नको. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातल्या इस्त्रीची आठवण झाली तेव्हा त्या बाहेर गेल्या, बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात पाणी तापवायला ठेवलं.

कोमट पाण्याचं पातेलं त्यांनी वस्तादांसमोर टेबलावर आणून ठेवलं. वस्तादांनी दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. बोटं मेणासारखी पांढरी दिसत होती.

"केव्हापासून?" वस्तादांनी विचारलं.

"काय केव्हापासून?"

"माझी गाडी सैल करतेयस ते. आजची गाडी काही वाईट नव्हती. सगळे नीट चालवत होते. मग माझी रोजची कशी असते?"

बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गाडी तीच आहे हो. कंपनीने मध्येच खेळात काहीतरी बदललंय. सगळ्यांचीच तक्रार आहे."

वस्तादांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग हसले, हसले म्हणजे नाकातून थोडा वारा गेला. "कापड आटलं म्हण ना सरळ."

बाईंनी टेबलावर सांडलेलं पाणी पदराने टिपलं.

"अगं, तुझ्या दुकानाला लागूनच तर राहतो मी इतकी वर्षं. तुझं कापड किती आटतं ते मी रोज ऐकतो." त्यांनी पाण्यात बोटं हलवून पाहिली. "शर्टांचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टिच बटणाचा आवाज येतो. बरं वाटलं तेव्हा. पण गाडीचं नाही कळलं गं मला. मी खरंच समजत होतो की मीच..."

वाक्य तिथेच राहिलं. बाईंनी पातेलं जरा जवळ सरकवलं. "पाणी गार झालंय का?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय? तू बघ."

बाईंनी बोट बुडवून पाहिलं. पाणी अजून ऊन होतं. त्यांचा हात तिथेच पाण्यात, वस्तादांच्या हातांजवळ राहिला. आता हे स्टिअरिंग उतरवून ठेवायला सांगतील, बाईंना वाटलं. खोली पुन्हा रिकामी होईल आणि हा माणूस पुन्हा गप्प होईल. स्टिअरिंग बांधून ठेवायला दोरी कुठे आहे, हेसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं.

"ते पान उघड," वस्ताद म्हणाले.

"कुठलं?"

"नखऱ्यांचं. आपली गाडी काढ. पुढच्या रविवारी पळवायची आहे ना."

बाईंनी हात पदराला पुसला आणि पान उघडलं. टीव्हीवर एकाखाली एक रकाने आले.

"वाचून दाखव. काय होतं आणि तू काय केलंस. सगळं."

"राहू दे ना. कशाला आता?"

"वाच. आणि मोठ्याने वाच."

बाईंनी कुणाचंही माप कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "मागची स्प्रिंग," त्या म्हणाल्या, "सात होती. चारवर आणली."

वस्तादांनी डोळे मिटले होते. हात पाण्यात होते. त्यांनी मान हलवली.

"ब्रेकचा तोल... दोन घरं पुढे. मग आणखी एक." त्यांचा आवाज खाली गेला.

"ऐकू आलं नाही," वस्ताद म्हणाले. "पुन्हा सांग."

त्यांनी पुन्हा सांगितलं.